देव नाकारणे पुरेसे आहे काय?

देव आहे की नाही, या वादाला महाराष्ट्रात तोटा नाही. वक्तृत्वस्पर्धेपासून परिसंवादापर्यंत हा विषय सतत चघळला जातो. वादात कोण जिंकले याची नोंदही होते. पण वाद संपल्यावर हरलेला माणूस त्याच घरात, त्याच वस्तीत कसा राहिला, याची नोंद कोणी घेत नाही. आस्तिक-नास्तिक वादाची खरी कसोटी तेथेच आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. आपल्या परंपरेतील दोन ग्रंथांना आणि दोन सार्वजनिक वादांना ही कसोटी लावून पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

जोतिराव फुले यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला, तेव्हा हा ग्रंथ त्यांनी डाव्या हाताने लिहिला. जोतिराव नास्तिक नव्हते. विश्वाचा एक ‘निर्मीक’ ते मानीत. पण नामस्मरण, नैवेद्य, अनुष्ठान, स्वर्ग ही एकेक कल्पना ते प्रश्नोत्तरांच्या कसाला लावतात आणि मोडीत काढतात. या ग्रंथात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. त्यातील बाईने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून, पटल्यास तो धर्म घ्यावा. तिच्या नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे आणि मुलाने सत्यधर्माचे पुस्तक वाचून सत्यधर्मी व्हावे. मात्र एकाने दुसऱ्याचा द्वेष करू नये, सर्वांनी एका घरात प्रेमाने नांदावे.

या कुटुंबाची स्तुती पुष्कळ झाली आहे. चिकित्सा थोडी झाली आहे. पहिली गोष्ट, या घरातला प्रत्येक जण ‘वाचून’ धर्म घेतो. जन्माने कोणीच घेत नाही. निवडीचा मान पहिल्याने बाईला आहे. ज्यांच्या घरात पहिले पुस्तक याच पिढीत आले, त्यांना ‘वाचून’ या एका शब्दाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. दुसरी गोष्ट, या घरात ब्राह्मणी धर्माला जागा नाही. ती विसरून राहिली असेल असे वाटत नाही. ज्या धर्माने शूद्रातिशूद्रांना आणि स्त्रियांना आपले ग्रंथ वाचूच दिले नाहीत, तो धर्म वाचून कसा निवडणार? तिसरी गोष्ट अशी की या घरात नास्तिकही नाही. आणि येथेच एक मूलभूत प्रश्न उद्भवतो. या चौघांनी एकमेकांचा द्वेष का करू नये? जोतिरावांचे उत्तर आहे, कारण ती सारी एकाच निर्मीकाची लेकरे आहेत. म्हणजे या घराचे आढे निर्मीकाच्या खांबावर उभे आहे. पाचव्या माणसाने येऊन ‘मला निर्मीक मान्य नाही’ असे म्हटले, तर भावंडपण कशाच्या आधारावर टिकवायचे?

या प्रश्नाला पुरे उत्तर मिळाले ते बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. धम्म म्हणजे काय नव्हे, याची एक यादीच बाबासाहेब त्यात देतात. अलौकिकावर विश्वास म्हणजे धम्म नव्हे. ईश्वरावर, आत्म्यावर विश्वास म्हणजे धम्म नव्हे. यज्ञयागावर विश्वास म्हणजे धम्म नव्हे. पण ते नकारावर थांबत नाहीत. धर्मात ईश्वराला जे स्थान असते, ते धम्मात नीतीला आहे, असे ते मांडतात. माणसाने माणसाशी मैत्रीने वागावे, ते वर कोणी पाहतो आहे म्हणून नव्हे. त्यावाचून माणसांचे एकत्र जगणेच शक्य नाही म्हणून. निर्मीकाचा खांब काढला तरी घर उभे राहील, अशी ही योजना आहे. जोतिरावांना गुरू मानणाऱ्याने गुरूच्या घरात पाचव्या माणसाची सोय केली.

वाङ्मयीन दृष्टीने मात्र दोन्ही ग्रंथांत एक उणीव जाणवते. प्रतिपक्ष फार लवकर नमतो. जोतिरावांचे प्रश्नकर्ते उत्तर मिळताच समाधान पावतात. बाबासाहेबांच्या ग्रंथात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण ब्रह्माकडे जाण्याच्या मार्गावरून आपसांत भांडत बुद्धाकडे येतात. ‘तुमच्या आचार्यांपैकी कोणी ब्रह्म पाहिले आहे काय?’ या अर्थाचा प्रश्न येताच त्यांची बाजू संपते. प्रत्यक्षात आस्तिक माणूस इतक्या लवकर संपत नाही. आपल्या सभांतून, चहाच्या टपरीवर, ही गोष्ट आपण रोज अनुभवतो.

याला अपवाद रोहिणीच्या पाण्याचा. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून घर सोडले, ही रूढ कथा बाबासाहेबांना पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता काय, असा त्यांचा सरळ सवाल आहे. त्यांच्या मांडणीत शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो आणि शाक्य संघात युद्धाचा ठराव येतो. सिद्धार्थ विरोध करतो. दोन माणसे आपली, दोन त्यांची, आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पंचांकडून निवाडा करावा, असे तो सुचवतो. सेनापतीही आपली बाजू जोराने मांडतो. मतदान होते आणि सिद्धार्थ हरतो. आपल्या घरच्यांवर सामाजिक बहिष्कार पडू नये, त्यांची शेते जप्त होऊ नयेत, म्हणून तो आपण होऊन परिव्रज्या पत्करतो. ग्रंथातील हा सर्वांत जिवंत वाद आहे, कारण येथे प्रतिपक्षाला दात आहेत आणि नायकाचा पराभव आहे. बुद्धाचा मार्ग हरलेल्या वादातून सुरू होतो. बहिष्कार म्हणजे काय हे पिढ्यान्‌पिढ्या भोगलेल्या माणसाने हा प्रसंग लिहिला आहे, हे विसरता येत नाही.

आता प्रत्यक्षातले वाद पाहू. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली आणि १९७४ मध्ये फुटली. राजा ढाले आणि नामदेव ढसाळ यांच्यातील तंटा बुद्ध की मार्क्स या प्रश्नाभोवती पेटला. बाबासाहेबांनी २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या भाषणात याच प्रश्नाची शांतपणे तुलना केली होती. ईश्वर या तंट्यात दोन्हीकडे नव्हता. तरीही दोन्ही बाजूंना एका खोलीत बसता आले नाही. यावरून काय दिसते? देव गेला म्हणजे पोथीनिष्ठा गेली असे होत नाही. ग्रंथ प्रमादातीत मानणे म्हणजे धम्म नव्हे, हेही बाबासाहेबांच्या त्याच यादीत आहे. आपण त्या ग्रंथाला पोथी केले की ती ओळ प्रथम आपल्यालाच लागू होते.

दुसरा वाद डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा. ‘विवेक जागर’च्या व्यासपीठावरून या दोघांनी आपले मतभेद गावोगावच्या श्रोत्यांपुढे मांडले. लागूंच्या मते ईश्वराची कल्पनाच कालबाह्य झाली असून तिला निवृत्त केले पाहिजे. दाभोलकर म्हणत, समितीचे भांडण देव मानणाऱ्याशी नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाशी आहे; श्रद्धेचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे. दोघेही आपल्या जागेवरून हलले नाहीत आणि दोघांनी एकमेकांची साथही सोडली नाही. मराठी सार्वजनिक जीवनातील हा मोठा वस्तुपाठ आहे. ज्यांना वाद नकोच होता त्यांनी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या. १० मे २०२४ रोजी न्यायालयाने दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप दिली. पण हा वाद नको कोणाला होता, हा प्रश्न दोन माणसांच्या शिक्षेने संपत नाही.

तरीही दलित वाचकाने या वादालाही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. देव आहे की नाही, यापूर्वी आमच्यापुढे प्रश्न होता तो देवळाच्या दाराचा. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो देवाच्या ओढीने नव्हे, माणूसपणाच्या हक्कासाठी. तेथपासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरपर्यंत आमचा समाज सव्वीस वर्षे चालला. आमच्या बायाबापड्यांनी देव टाकले ते जात टाकण्यासाठी. उलट ‘मी देव मानत नाही’ असे ऐटीत सांगून पोरीचे स्थळ मात्र पोटजातीतच पाहणारे सुशिक्षित आपल्या परिचयाचे आहेत. अशा नास्तिकतेला काही किंमत मोजावी लागत नाही. देव सुटतो, पंगत, सोयरीक, आडनाव विचारण्याची खोड सुटत नाही. जातपंचायतींविरुद्धचे काम दाभोलकरांच्या समितीने २०१३ साली हाती घेतले, ते म्हणूनच मोलाचे.

हाच प्रश्न आपल्याही घरात विचारू. काटोलसारख्या तालुक्याच्या गावी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या घरात एखादी आजी मातामायचा टाक अजून पेटीच्या तळाशी जपून ठेवते. वसतिगृहातून आलेला नातू बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणतो आणि तिला चारचौघांत ‘अंधश्रद्धाळू’ म्हणून झिडकारतो. त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण जोतिरावांची अट आठवा. ‘वाचून’. त्या आजीला वाचायला कोणी शिकवले? तो टाक तिने कोणत्या साथीत, कोणत्या लेकरासाठी पुजला, हे तिला कोणी विचारले? १९५६ साली वस्तीच्या वस्तीने देव टाकले, ते बसून, बोलून, एकमेकांच्या आधाराने टाकले. शिव्या देऊन कोणाची दीक्षा झाली नव्हती.

वऱ्हाडात गाडगेबाबांनी वादाची एक रीत घालून दिली होती. ते नास्तिक नव्हते. कीर्तनात ‘गोपाला’चा गजर करीत. पण वऱ्हाडी बोलीत साधा प्रश्न टाकायचा आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे, ही त्यांची पद्धत होती. नवस, बकरे, कर्ज यांचा हिशेब लोक स्वतःच करीत आणि स्वतःच लाजत.

देव नाकारणे पुरेसे नाही. देवाच्या जागी माणसामाणसांतील मैत्री उभी करावी लागते, आणि तिची परीक्षा आपल्याशी न पटणाऱ्या माणसापुढेच होते. म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना एक सुचवावेसे वाटते. येत्या वर्षावासात विहारातून बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन होईलच. त्या वेळी रोहिणीच्या तंट्याचे प्रकरण सेनापतीची बाजू धरूनही वाचा. जोतिरावांचे कुटुंबही वाचा. वारकरी घरातल्या कुणबी मित्राला बोलवा, मार्क्सवाद्याला बोलवा, आजीलाही पुढे बसवा. पाचवा माणूस कोणीही असो, त्याच्यासाठी सतरंजीवर जागा ठेवा. आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नका.