आघातांची नोंदवही

ड्रमसंच हे घरात सहजी सामावणारे वाद्य नव्हे. गिटार खाटेवर बसून वाजविता येते, की-बोर्डचा आवाज हवा तेवढा लहान करता येतो. ड्रमला मात्र स्वतंत्र खोली हवी आणि सोशीक शेजारीही हवेत. त्यामुळे घरच्या घरी गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्यांच्या रचनांत ताल अनेकदा संगणकाच्या कळा दाबून भरलेला असतो. तो निर्दोष असतो, पण निर्जीव. ही उणीव अल्पमोली इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच कितपत भरून काढतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ खरेदीचा नाही. तो रसिकतेचाही आहे.

या वाद्याचा इतिहास फार लांबचा नाही. १९८१ साली इंग्लंडमधील सिमन्स कंपनीचा एसडीएस-५ हा संच आला. त्याची षट्कोनी पृष्ठे डोळ्यांत भरणारी होती. परंतु ती इतकी कठीण होती, की वादकांची मनगटे दुखू लागली. १९९७ साली जपानच्या रोलंड कंपनीने टीडी-१० या संचाबरोबर ताणता येणारी जाळीदार पृष्ठे प्रचारात आणली आणि काठीला पुन्हा उसळी मिळाली. त्या काळी चैनीची असलेली ही जाळी पुढे स्वस्त संचांतही आली. अलेसिस कंपनीचा ‘नायट्रो मेश’ हा या वर्गाचा परिचित प्रतिनिधी होय. आठ इंची स्नेअर, तितकेच तीन टॉम, दहा इंची तीन झांजा, पायाने वाजवायचा बेस ड्रम आणि ३८५ ध्वनी साठविलेली एक पेटी, असा त्याचा संसार.

प्रथमदर्शनी मन मोहून जाते ते या ध्वनींच्या वैपुल्याने. कळ फिरवावी आणि जॅझच्या मैफलीतून रॉकच्या रंगमंचावर जावे, याचे घरातल्या मुलांना अप्रूप वाटले तर नवल नाही. परंतु लवकर शिळे होतात तेही हेच ध्वनी. खऱ्या स्नेअरवरचे दोन आघात कधीच तंतोतंत सारखे नसतात. स्वस्त पेटीतून मात्र द्रुत लयीत तोच ध्वनी पुन:पुन्हा उमटतो आणि कानाला यंत्राचा वास येतो.

मग या संचाची थोरवी कशात? ती ध्वनीत नसून नोंदीत आहे. जाळीखालचा दाबसंवेदी स्फटिक आघाताचे विद्युतसंदेशात रूपांतर करतो. कोणता ड्रम, कोणत्या क्षणी, किती जोराने वाजला, एवढेच १९८३ पासून रूढ झालेल्या ‘मिडी’ या संकेतभाषेत संगणकाकडे जाते. जोराच्या पायऱ्या १ ते १२७. पेटीच्या ध्वनीचे थेट मुद्रण केले, तर सारे ड्रम दोन मार्गांत एकत्र मिसळतात आणि स्नेअर तेवढा मागाहून उचलता येत नाही. मिडीची नोंद असेल, तर तेच वादन पुढे अधिक सकस ध्वनींनी पुन्हा घडविता येते. आवाज उसना असला, तरी हात वादकाचाच राहतो. किंचित पुढे पडलेली थाप, किंचित रेंगाळलेला पाय, हे सारे त्या नोंदीत टिकते. घरच्या मुद्रणाला हवे होते ते हेच.

तरीही कसोटी मोठ्या आघाताची नसते; हळुवार स्पर्शाची असते. या किमतीच्या संचांत अतिशय नाजूक थापा कधी निसटतात. पायाने झांजा हळूहळू उघडण्यातील सूक्ष्म छटा मोजक्या पायऱ्यांत कोंबल्या जातात. धोका येथेच आहे. वाद्य ऐकत नाही म्हणून वादक जोराने वाजवू लागतो आणि पाहता पाहता त्याचा हात एकसुरी होतो. पृष्ठाची संवेदनशीलता पेटीवर हवी तशी जुळवून घ्यावी आणि आठवड्यातून काही वेळ तरी खऱ्या ड्रमवर, चार माणसांच्या सोबतीने वाजवावे, हा त्यावरील उतारा. दुसरी गोष्ट शेजारधर्माची. हेडफोनमुळे आवाज घरात राहतो. पायाच्या पेडलचा हादरा मात्र जमिनीतून खालच्या मजल्यावर पोहोचतो. जाड रबरी चटईचा खर्च संचाच्या किमतीतच धरावा.

एकंदरीत, अल्पमोली संच हा ड्रमचा पर्याय नव्हे. ती आघातांची नोंदवही आहे. वहीचा कागद साधा असला म्हणून लिहिणाऱ्याचे अक्षर बिघडत नाही. मात्र सुंदर अक्षर वहीतून येत नाही, हेही विसरता कामा नये. ज्या घरात ताल शिकण्याची ओढ आहे आणि जागा तोकडी आहे, तेथे या वहीचे स्वागत करावे. केवळ ३८५ ध्वनींना भुलून ती घेणाऱ्याच्या घरी ती लवकरच कपडे वाळविण्याच्या कामी येईल.