सूक्ष्मनियंत्रकाचे वेब-प्रपत्र आणि त्याचा वाचक : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश : सूक्ष्मनियंत्रक अर्थात मायक्रोकंट्रोलरवर आधारित उपकरणांची मांडणी आज मोबाईलवर उघडणाऱ्या वेब-प्रपत्रातून केली जाते. हे प्रपत्र सामान्यतः तांत्रिक सोय म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्याचा विचार एक मजकूर म्हणून केला असून, भंडारा जिल्ह्यातील धान उत्पादकाच्या कृषिपंपाचे उदाहरण समोर ठेवून प्रचलित प्रपत्राची भाषा, अंक, कालगणना आणि उत्तरदायित्व यांची चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : सूक्ष्मनियंत्रक, वेब-प्रपत्र, देवनागरी अंक, कृषिपंप, झाडीबोली.

१. प्रस्तावना

दि. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर उरलेला भंडारा जिल्हा हा सात तालुक्यांचा, वैनगंगेच्या काठचा आणि प्रामुख्याने धानाचा जिल्हा होय. कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोकव्यवहारात 'मामा तलाव' म्हणतात, ते येथील सिंचनाचा जुना आधार आहेत. पाणी केव्हा सोडायचे, कोणत्या बांधीत आधी आणि कोणत्या बांधीत नंतर, हा निर्णय येथे पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी एकमेकांशी बोलून घेतलेला आहे. उन्हाळी धानासाठी मोटारपंप आला आणि या निर्णयात विजेचे वेळापत्रक शिरले. शेतीची वीज आलटून पालटून कधी दिवसा, तर कधी रात्री मिळू लागल्यावर 'लाईन' आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच शेतकऱ्याच्या स्टार्टरपेटीत येऊन बसला.

महाराष्ट्रात या प्रश्नावर स्वतंत्र बुद्धीने काम झाले आहे. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेल्या 'नॅनो गणेश' या उपकरणाने शेतकऱ्याला घरबसल्या मोबाईलवरून मोटार चालू-बंद करण्याची सोय दिली आणि २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या नवप्रवर्तक स्पर्धेत त्याचा गौरव झाला. पुढे २०१४ च्या सुमारास ईएसपी८२६६ हा वाय-फाय असलेला स्वस्त सूक्ष्मनियंत्रक बाजारात आला, आणि अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांतील प्रकल्पांत पंप-नियंत्रक बनविणे नित्याचे झाले. या उपकरणांना पडदा नसतो, कळफलकही नसतो. त्यांना आपल्या मालकाशी बोलण्याचा एकच मार्ग उरतो आणि तो म्हणजे वेब-प्रपत्र. म्हणूनच त्या प्रपत्राची चिकित्सा आवश्यक ठरते.

२. प्रपत्राचे स्वरूप

प्रथम या प्रपत्राची कार्यपद्धती समजून घेणे इष्ट ठरेल. नवीन उपकरण सुरू होताच त्याला घरच्या वाय-फायचे नाव व पासवर्ड ठाऊक नसतो. अशा वेळी ते स्वतःच एक छोटे वाय-फाय जाळे उभे करते. मोबाईल त्या जाळ्याला जोडला की उपकरण प्रत्येक संकेतस्थळाच्या चौकशीला स्वतःचाच पत्ता (बहुधा १९२.१६८.४.१) उत्तर म्हणून देते, आणि मोबाईलवर आपोआप एक पान उघडते. त्या पानावरील रकाने भरून 'जतन करा' म्हटले की उपकरण ती माहिती आपल्या स्मृतीत ठेवून पुन्हा सुरू होते. 'वायफाय-मॅनेजर' या नावाची मुक्त संहिता हे सर्व काम तयार स्वरूपात करते. तिच्यात आपले रकाने जोडण्याचीही सोय आहे. रकान्याचे नाव, लेबल, आरंभीचे मूल्य आणि कमाल लांबी एवढे सांगितले की रकाना तयार होतो.

या पद्धतीचे एक मोठे श्रेय मान्य केले पाहिजे. पूर्वी अशा उपकरणांवर सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखविणारा पडदा बसविला जाई. त्यातील प्रत्येक अक्षर पाच गुणिले आठ ठिपक्यांत बसवावे लागे आणि स्वतः घडविलेली चिन्हे एका वेळी केवळ आठ ठेवता येत. काना, मात्रा, वेलांटी व जोडाक्षरे असलेली मराठी त्यात बसणे अशक्यच होते. वेब-प्रपत्राने हे ओझे मोबाईलवर टाकले. अक्षरे रंगविण्याचे काम मोबाईल करतो, तर उपकरणाला केवळ बाइट पाठवावे लागतात. म्हणजेच मराठीत बोलण्यातील तांत्रिक अडसर बव्हंशी दूर झाला आहे. असे असूनही प्रचलित प्रपत्रे इंग्रजीतच आढळतात. याचे कारण आता यंत्रात शोधता येणार नाही, ते लेखकाच्या दृष्टीत शोधावे लागेल.

३. लेबलांची भाषा

प्रपत्राचा लेखक बहुधा तोच असतो ज्याने आज्ञावली लिहिलेली असते. त्यामुळे रकान्यांची नावे म्हणजे त्याच्या आज्ञावलीतील चलांचीच नावे असतात : सर्व्हर, पोर्ट, टोकन, डिले, ऑफसेट. लेखकाने हे प्रपत्र स्वतःशी बोलण्यासाठी लिहिले आहे. वाचक म्हणून त्याच्यासमोर दुसरे कोणी नाही.

या दोषावर सुचविला जाणारा सर्वसामान्य उपाय म्हणजे शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करणे. परंतु 'विलंब कालावधी' हे लेबल 'डिले' इतकेच मुके आहे. 'पासवर्ड' आणि 'वाय-फाय' हे शब्द लाखनी-लाखांदूरच्या शेतकऱ्याला परके नाहीत, पण 'परवलीचा शब्द' मात्र थांबून विचार करायला लावतो. याउलट 'झोन १', 'झोन २' या नावांखाली जे अभिप्रेत आहे, त्याला या भागात 'बांधी' हा नेमका शब्द आहे. 'पॅडी' तर नाहीच, पण 'भात' हाही येथे शिजलेल्या अन्नाचा शब्द आहे. शेतात उभे असते ते धान. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या अभ्यासातून या प्रदेशाच्या शब्दसंपत्तीकडे लक्ष वेधले. बांधी, बोडी, धुरा, रोवणी हे शब्द केवळ बोलीचे अलंकार नसून ते सिंचनाची परिभाषा आहेत. वीज आल्यावर मोटार किती मिनिटांनी सुरू करायची, असे सरळ विचारणारे लेबल हे परिभाषिक मराठी आणि चलाचे इंग्रजी नाव या दोहोंपेक्षा श्रेष्ठ ठरते, कारण त्यात विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही उपस्थित असतात.

येथे एक आक्षेप संभवतो. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते आणि ईएसपी८२६६ मध्ये चलांसाठी साधारण ८० किलोबाइट एवढीच स्मृती असते. मग लांबलचक मराठी वाक्ये परवडतील काय? आक्षेप खरा आहे, पण निर्णायक नाही. स्थिर मजकूर फ्लॅश स्मृतीत ठेवता येतो, पान तुकड्या-तुकड्यांनी पाठविता येते आणि आधीच संकुचित करूनही ठेवता येते. देवनागरी चिन्हांचा पहिला बाइट नेहमी एकच व दुसरा दोनपैकी एक असल्याने हा मजकूर चांगला संकुचित होतो.

बाइटचा खरा धोका वेगळ्या ठिकाणी आहे. रकान्याची कमाल लांबी चाळीस ठेवली असता मोबाईलवरील पान चाळीस चिन्हे मोजते, उपकरण मात्र चाळीस बाइट मोजते. परिणामी तेरा चिन्हे पूर्ण राहतात आणि चौदावे पहिल्या बाइटवरच तुटते. वाय-फाय जाळ्याच्या नावाला तर ३२ बाइटची मर्यादा आहे. 'लाखांदूर मोटार' हे साधे नाव ४० बाइटचे होते, म्हणून ते त्यात मावत नाही. इंग्रजीत चाचणी घेणाऱ्या लेखकाला हे दोष कधीच दिसत नाहीत.

४. अंकांचा प्रश्न

लेबलांचा दोष गैरसोय निर्माण करतो, परंतु अंकांचा दोष नुकसान करतो. मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मूल अंकओळख देवनागरीत शिकते. पुस्तके, पंचांगे, लग्नपत्रिका यांतून तेच अंक समोर येतात, आणि मोबाईलच्या मराठी कळफलकावरही ते उपलब्ध असतात. समजा, 'डिले' या रकान्यात शेतकऱ्याने '२' असा देवनागरी आकडा भरला. रकाना साध्या मजकुराच्या प्रकाराचा असेल, तर मोबाईल तो आकडा निमूटपणे पाठवितो. उपकरणातील मजकुराचा पूर्णांक करणारी नेहमीची आज्ञा केवळ रोमन लिपीसोबत येणारे अंक ओळखते. तिला '२' मध्ये अंक सापडत नाही आणि ती शून्य हे उत्तर देते. रकाना संख्येच्या प्रकाराचा ठेवला तरी एचटीएमएलच्या नियमानुसार देवनागरी अंकांचे मूल्य ग्राह्य नसते. ते रिकामे धरले जाते आणि रिकाम्याचेही शून्यच होते. दोन्ही वेळा पानावर 'जतन झाले' असेच उमटते.

या शून्याचा अर्थ काय होतो, हे पाहणे महत्त्वाचे आहे. वीज आल्यावर शून्य मिनिटांनी म्हणजे तत्क्षणी मोटार सुरू. एका रोहित्रावरील अनेक मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या, तर त्यांच्या आरंभीच्या वाढीव प्रवाहाचा भार त्या रोहित्रावर एकदम पडतो. शेतकरी ज्याला 'डीपी जळाली' म्हणतात, त्या घटनेमागील हे एक कारण होय. ऑटोस्विच लावू नयेत आणि कॅपॅसिटर बसवावेत, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना करीत आले आहे, ते याचसाठी. विलंबाचा रकाना हा खरे तर याच प्रश्नावरचा उपाय आहे. प्रत्येकाने वेगवेगळी मिनिटे ठेवली, तर भार विभागला जाईल. पण ज्यांनी आपल्या लिपीत आकडा भरला, त्या सर्वांचा विलंब शून्य होतो आणि उपायच अपाय ठरतो. रोहित्र बंद पडले की ज्याने प्रपत्र भरलेच नाही, त्याच्याही बांधीतले धान सुकते. प्रपत्रातील चूक अशा रीतीने एका घराची राहत नाही.

हा दोष दूर करणे मात्र अत्यंत सोपे आहे. देवनागरी अंकाचे पहिले दोन बाइट २२४ व १६५ असतात. तिसऱ्या बाइटमधून १६६ वजा केले की शून्य ते नऊ यांपैकी तो अंक मिळतो. दहा-बारा ओळींची ही भर कोणत्याही विद्यार्थी-प्रकल्पात घालता येण्यासारखी आहे. ती आढळत नाही याचा अर्थ एवढाच, की असा आकडा कोणी भरील ही कल्पनाच लेखकाने केलेली नाही.

कालगणनेतही हीच वृत्ती दिसते. अनेक नमुना-प्रपत्रांत प्रमाणवेळेपासूनचे अंतर पूर्ण तासांत विचारलेले असते. भारताचे अंतर साडेपाच तासांचे, म्हणजे १९,८०० सेकंदांचे आहे. '५.५' असे भरले तरी पूर्णांक करताना पाचच उरतात, उपकरणाचे घड्याळ अर्धा तास मागे राहते आणि सकाळी सहाला सुरू व्हावयाची मोटार साडेसहाला सुरू होते. वीज मोजक्याच तासांसाठी येत असताना हा अर्धा तास क्षुल्लक मानता येणार नाही. ज्या उपकरणाचा वापर भारतातच होणार आहे, त्याने हा रकाना मुळात विचारण्याचेच कारण नाही.

५. वाचून दाखविण्याची परंपरा

भंडाऱ्यातील शेतकरी प्रपत्राला नवखा नाही. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत तर पिकाची नोंद तो स्वतः मोबाईलवर करतो. कागदी व्यवहारात एक शहाणपणाची प्रथाही रूढ आहे. जबाब किंवा पंचनामा लिहून झाल्यावर तो संबंधितास वाचून दाखविला जातो, आणि बरोबर असल्याचे त्याने सांगितल्यावरच सही वा अंगठा घेतला जातो. लिहिणारा आणि ज्याचे लिहिले तो यांच्यात ज्ञानाची विषमता असते, हे या प्रथेने मान्य केलेले आहे.

वेब-प्रपत्राने नेमकी हीच पायरी गाळली आहे. 'जतन झाले' हे वाक्य उपकरणाने काय ऐकले ते सांगत नाही, काहीतरी ऐकले एवढेच सांगते. त्याऐवजी 'वीज आल्यावर २ मिनिटांनी मोटार सुरू होईल व ४० मिनिटांनी बंद होईल. बरोबर आहे काय?' असे वाक्य उपकरणाने स्वतःला समजलेल्या मूल्यांतून तयार करून दाखविले, तर शून्याची चूक त्याच क्षणी डोळ्यांसमोर येईल. त्यासाठी नव्या साधनाची गरज नाही.

याच अनुषंगाने आणखी दोन बाबी नोंदविणे आवश्यक आहे. पहिली म्हणजे बसविणाऱ्याचे प्रपत्र आणि मालकाचे प्रपत्र वेगळे असावे. सर्व्हर व पोर्ट एकदाच भरावे लागतात, तर मिनिटे हंगामागणिक बदलतात. दोन्ही एकाच पानावर ठेवल्याने मालक आपल्याच मोटारीची मिनिटे बदलण्यासही भितो व दरवेळी तंत्रज्ञाला बोलावतो. दुसरी बाब सुरक्षिततेची. मांडणीच्या वेळचे जाळे पासवर्डविना उघडे ठेवले आणि पान असंकेतित असले, तर घरच्या वाय-फायचा पासवर्ड आसपासच्या कोणालाही टिपता येतो. त्या जाळ्याला किमान आठ अक्षरांचा, प्रत्येक उपकरणागणिक वेगळा पासवर्ड देऊन तो पेटीच्या आत चिकटविणे हा साधा मार्ग आहे.

६. निष्कर्ष

वेब-प्रपत्र हे उपकरणाचे शेवटी जोडलेले शेपूट नसून ते त्याचे बोलणे आहे. प्रचलित प्रपत्रांच्या चिकित्सेतून असे दिसून येते की, त्यांचे दोष स्मृतीच्या वा वेगाच्या मर्यादेतून आलेले नाहीत. वाचक कोण, हा प्रश्न न विचारल्यातून ते आलेले आहेत. या प्रश्नाचे उत्तर एकट्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाकडे नाही. लेबलाचा शब्द मराठी विभागाला ठाऊक आहे, रोहित्रावरील भाराचे गणित भौतिकशास्त्राला आणि पाण्याच्या पाळीची रीत ग्रामीण समाजशास्त्राला. प्रकल्पाच्या मूल्यमापनात 'उपकरण चालते काय' या प्रश्नाच्या जोडीला 'देवनागरीत २ भरल्यास काय होते' हा एक प्रश्न परीक्षकांनी विचारण्यास प्रारंभ केला, तरी पुष्कळ साध्य होईल. ज्या शेतकऱ्याच्या नावाने प्रकल्पाची प्रस्तावना लिहिली जाते, त्याने भरलेला आकडा उपकरणाला वाचता आला पाहिजे, एवढीच ही अपेक्षा आहे.