पायपेटीचा घसारा

वादकावाचून वाजणारा पियानो पाश्चात्त्यांनी केव्हाच काढला. १८९५ च्या सुमारास अमेरिकेत एडविन वोटी नावाच्या गृहस्थाने ‘पियानोला’ केला. भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी लावायची, खाली पाय मारायचे, की बोटांचं काम हवा करते! पुढे रेडिओ आला आणि ते कौतुक आटोपलं. आता तो दुरुस्त करावा की मोडीत काढावा, यावर तिकडची शहाणी माणसं हमरीतुमरीवर येतात.

आमच्या शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, पियानोला कुठून येणार? आमच्याकडे मामांची पायपेटी आहे. हिच्यात पायही आपले आणि बोटंही आपलीच. भाता फाटलाय, चार पट्ट्या मुक्या झाल्यात. तिचं काय करावं, यावर घरात तीन पक्ष आहेत.

दौंडचा मामेभाऊ रेल्वेत. त्याचा पक्ष भंगाराचा. मामीचा पक्ष पॉलिशचा : चकचकीत करावी, वर फुलदाणी ठेवावी. म्हणजे बाईंना पैठणी नेसवायची, पण बोलू द्यायचं नाही. तिसरा पक्ष भाच्याचा. आतलं सगळं काढून विजेचा कीबोर्ड बसवायचा. याला दुरुस्ती म्हणत नाहीत, दत्तकविधान म्हणतात.

पेटीवर टीका नवी नाही. तिच्यात मींड निघत नाही, सूर ठरीव, म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला दाराबाहेर काढलं ते तीसेक वर्षं. टीका खोटीही नव्हती. पण १९११ च्या ‘मानापमाना’ला चाली दिल्या त्या गोविंदराव टेंब्यांनी, आणि टेंबे पेटीवाले! तुटक पट्ट्यांतून सलग गाणं काढायचं, हीच तर त्या वाद्याची परीक्षा. कीबोर्डचा सूर बटण सोडेपर्यंत एकसारखा उभा राहतो, आमच्या हेडकॅशियरसारखा. पायपेटीचा सूर भात्याबरोबर श्वास घेतो.

म्हणून माझं मत असं : भाता नवा घालावा, चामडं बदलावं, रीडवरची धूळ काढावी आणि तिथेच थांबावं. सूर जुळवायला रीडचं टोक खरवडलं तर सूर चढतो, बुडाशी खरवडलं तर उतरतो. पण खरवडलेलं पितळ परत येत नाही. या बाबतीत ते थेट आमच्या काही कर्जांसारखं आहे.

“खर्च पेटीच्या किमतीहून जास्त येईल,” मामेभाऊ म्हणाला. हिशेब बरोबर आहे. पण मामांनी ऐंशी ओलांडलीय. रोज संध्याकाळी ते खुर्चीत बसल्या बसल्या जमिनीवर आळीपाळीने पाय दाबत असतात. आवाज येत नाही, एवढंच.

शिवाय मी कॉमर्सचा पदवीधर. घटत्या बाकीच्या पद्धतीने घसारा कितीही वर्षं काढा, बाकी शून्य कधीच होत नाही. भाता मी सांगून आलोय.