रॉबी बरा झाला, बाकीच्यांचे काय?

‘फर्स्ट डू नो हार्म’ (1997) हा जिम अब्राहम्स यांनी अमेरिकी दूरचित्रवाणीसाठी केलेला चित्रपट पाहताना आमचे डोळे ओलावले, हे आधीच कबूल करतो. छोट्या रॉबीला अपस्माराच्या आकड्या येऊ लागतात, औषधांमागून औषधे निष्फळ ठरतात, आणि आई (मेरिल स्ट्रीप) डॉक्टरांशी झगडून त्याला कीटोजेनिक आहार मिळवून देते. अब्राहम्स यांच्या स्वतःच्या मुलाचा अनुभव यामागे असल्याने आईची तगमग कुठेही खोटी वाटत नाही.

चित्रपटाचा जीव या झगड्यात आहे. शरीरात काय घडते, ते पाहायला मात्र चित्रपटाबाहेर यावे लागते. मूळ कडक आहारात चार ग्रॅम स्निग्ध पदार्थांमागे प्रथिने व कर्बोदके मिळून एकच ग्रॅम. फळ्यावर गणित करून पाहावे : 4 × 9 = 36 आणि 1 × 4 = 4; म्हणजे 90 टक्के ऊर्जा स्निग्धांशातून! कर्बोदके इतकी घटली की इन्सुलिन उतरते आणि यकृत मेदाम्लांपासून कीटोन द्रव्ये बनवू लागते. मेंदू मेदाम्लांवर चालत नाही, कीटोनवर चालतो. निराहार उपासात शरीर हेच करते. येथे ते जेवूखाऊ घालून साधायचे. (आपल्या साबुदाण्याच्या उपासाने ते साधणार नाही, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.) मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी 1921 मध्येच हा आहार सुचवला होता.

आमचा खरा आक्षेप पुढे आहे. चित्रपटातील काही छोट्या भूमिका या आहाराने बरे झालेल्यांनीच केल्या आहेत. कल्पना हृद्य आहे, पण ज्यांना गुण आला नाही, ते पडद्यावर येणार कसे? लंडनमधील एका चाचणीचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. औषधांना दाद न देणारा अपस्मार असलेल्या 145 मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले होते. तीन महिन्यांनी, आहार दिलेल्या 73 पैकी 28 मुलांच्या आकड्या निम्म्याहून अधिक घटल्या. आहार न दिलेल्या 72 पैकी फक्त 4 मुलांच्या. गुण निश्चित आहे. पण उरलेल्या 45 मुलांच्या आयाही रॉबीच्या आईसारख्याच झटल्या असतील.

डॉक्टरांना खलनायक केल्याने आणखी एक गोष्ट झाकली जाते. या आहाराने बद्धकोष्ठता होते, मूतखडे होऊ शकतात, मुलांची वाढ मंदावू शकते. म्हणून तो डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखालीच द्यावा लागतो. आणि आहाराच्या भरवशावर कुणी गोळ्या एकाएकी बंद केल्या, तर न थांबणारी आकडी येऊन मूल दगावूही शकते.