धूम्रपानत्यागाची प्रेरणा : एका प्रश्नावलीचा परामर्श

मनुष्य धूम्रपान कोणत्या प्रेरणेने सोडतो, हे मोजण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न करी, वॅगनर व ग्रोथाउस या अमेरिकन संशोधकांनी १९९० साली केला. त्यांच्या प्रश्नावलीत अशा कारणांचे चार गट कल्पिलेले आहेत. आरोग्याची चिंता व आत्मसंयमाची इच्छा या आंतरिक प्रेरणा, तर तात्कालिक लाभ व सामाजिक दडपण या बाह्य प्रेरणा होत. बाह्य प्रेरणांच्या तुलनेने आंतरिक प्रेरणा प्रबळ असल्यास यशाचा संभव अधिक, असा त्यांचा निष्कर्ष आहे. प्रौढांच्या बाबतीत या मांडणीचे मोल निर्विवाद आहे. परंतु तीच मोजपट्टी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस लावताना दोन अडचणी उद्भवतात.

पहिली अडचण गृहीतकाची. ‘आपण का सोडू इच्छिता?’ या प्रश्नात, उत्तर देणारा स्वतःस धूम्रपान करणारा समजतो, हे गृहीत धरलेले असते. परंतु मोरान, वेश्लर व रिगॉटी यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन महाविद्यालयांच्या पाहणीत धूम्रपान करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे निम्मे मुख्यतः इतरांच्या संगतीतच सिगारेट ओढणारे आढळले. त्यांच्यात निकोटिनची अधीनता कमी होती, आणि सोडण्याचा विचारही इतरांहून कमीच होता. हा विरोधाभास केवळ प्रेरणेच्या दौर्बल्याने उलगडत नाही. जे आपणांस जडलेच नाही ते सोडावयाचे कसे, अशी ही मनोवृत्ती असावी.

दुसरी अडचण वर्गीकरणाची. ज्याची सिगारेट मुळात सोबतीसाठी पेटते, त्याच्या बाबतीत मित्राची नापसंती निव्वळ ‘बाह्य’ कशी म्हणावी? आपण कोण, याचे उत्तर तो त्याच सोबत्यांच्या नजरेत शोधीत असतो. आत आणि बाहेर यांमधील भिंत विशीच्या वयात अद्याप बांधली जात असते.

हा वाद परिभाषेपुरता नाही. ब्रिटिश पुरुष डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या निरीक्षणावरून डॉल व त्यांचे सहकारी यांनी २००४ साली असे दाखविले की, आजन्म धूम्रपानाने सरासरी सुमारे १० वर्षांचे आयुष्य गमावले जाते आणि तिशीच्या सुमारास सोडणाऱ्यास ते जवळजवळ सर्व परत लाभते. म्हणजे ज्या वयात त्याग सर्वाधिक फलदायी, त्याच वयातील अर्धाअधिक वर्ग प्रश्नावलीच्या कक्षेबाहेर राहण्याचा धोका आहे. म्हणून तिचे मराठी रूपांतर विद्यार्थ्यांपुढे ठेवू इच्छिणाऱ्या संशोधकाने ‘का सोडता?’ असे विचारण्यापूर्वी ‘केव्हा आणि कोणाबरोबर ओढता?’ हे विचारणे अगत्याचे आहे.