किनारा ही रेषा नव्हे: मुंबई उपनगरांच्या किनाऱ्यावरील संशोधनाचा चिकित्सक परामर्श

प्रस्तावना

मुंबई उपनगर जिल्ह्याला दोन किनारे आहेत. पश्चिमेस वांद्र्यापासून जुहू, वर्सोवा, मढ, अक्सा, मनोरी व गोराईपर्यंत अरबी समुद्राचा किनारा आहे. पूर्वेस घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड यांच्या कडेने ठाणे खाडीचा किनारा जातो. पहिल्यावर खडक आणि वाळू, दुसऱ्यावर चिखल, कांदळवन आणि मिठागरे असे त्यांचे स्वरूप आहे. या दोन्ही किनाऱ्यांच्या बदलांविषयी गेल्या दोन दशकांत विद्यापीठीय व महाविद्यालयीन स्तरावर बरेच लेखन झाले. २००८ मध्ये लँडसॅट उपग्रहाचा संपूर्ण प्रतिमासंग्रह विनामूल्य खुला झाला आणि मर्यादित साधने असलेल्या भूगोल विभागालाही किनाऱ्याच्या बदलांचा अभ्यास करणे शक्य झाले. ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे.

तथापि या लेखनाची पद्धत आता इतकी ठरून गेली आहे की तिची चिकित्सा होणे आवश्यक वाटते. दोन-तीन दशकांच्या अंतराने घेतलेल्या प्रतिमा निवडायच्या, पाणी आणि जमीन यांमधील सीमा रेखाटायची, त्या रेषा एकावर एक ठेवायच्या आणि संगणक प्रणालीच्या साहाय्याने किनारा वर्षाला किती मीटर पुढे आला किंवा मागे गेला हे सांगायचे, अशी ही पद्धत आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या पद्धतीत किनारा ही एक रेषा मानली जाते, आणि मुंबईसारख्या मोठ्या भरती-ओहोटीच्या प्रदेशात हे गृहीतकच सदोष आहे. किनारा हा समुद्रतळाचा वरचा काठ आहे. तळाचा उतार, त्याचे द्रव्य आणि त्यावरील पाण्याची पातळी ज्ञात नसेल, तर रेषेच्या सरकण्याला निश्चित अर्थ देता येत नाही.

मोजपट्टीचा प्रश्न

महाराष्ट्राचा किनारा ७२० कि.मी. लांबीचा आहे, असे आपण पाठ्यपुस्तकांतून शिकवत आलो. शासकीय तक्त्यांत हाच आकडा दीर्घकाळ ६५२.६ कि.मी. होता. चेन्नई येथील राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील बदलांसाठी राज्याचा सुमारे ७४० कि.मी. किनारा विश्लेषिला. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालानंतर राज्याची लांबी ८७७.९७ कि.मी. झाली, तर देशाची ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ कि.मी. झाली. या काळात समुद्राने नवा किनारा निर्माण केलेला नाही. १९७० च्या दशकातील मोजणी लहान प्रमाणाच्या नकाशावर झाली होती. नवी मोजणी १:२,५०,००० या प्रमाणावर झाली आणि तीत खाड्या व वळणे अधिक बारकाईने धरली गेली.

किनाऱ्याची लांबी मोजपट्टीवर अवलंबून असते, हे तत्त्व भूगोलाच्या अभ्यासकांना नवे नाही. परंतु त्याचा परिणाम आपल्या निष्कर्षांवर कसा होतो, याची दखल क्वचितच घेतली जाते. राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राच्या वरील अभ्यासानुसार देशाच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा झीज होणारा, २६.९ टक्के भर पडणारा आणि ३९.६ टक्के स्थिर आहे. महाराष्ट्रात झिजणाऱ्या किनाऱ्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. राष्ट्रीय पातळीवर प्राधान्यक्रम ठरवण्यासाठी हे आकडे उपयुक्तच आहेत. मात्र राज्याची टक्केवारी उचलून ती जुहूच्या किंवा अक्साच्या एखाद्या कि.मी.ला लावणे ही प्रमाणांची सरमिसळ होय. मढ ते मारवे या पट्ट्यात खडकांच्या दोन सुळक्यांमध्ये वाळूची लहान पुळण अडकलेली असते. तिचा ताळेबंद स्वतंत्र असतो, राज्याच्या सरासरीत तो दिसत नाही.

तिथी, भरती आणि उपग्रहाची वेळ

मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील फरक चार मीटरपेक्षा अधिक असू शकतो. लँडसॅट मात्र मुंबईवरून ठरलेल्या वेळी, साधारणतः सकाळी साडेदहा ते अकराच्या सुमारास जातो. त्या क्षणी पाणी कोठे होते, हा प्रश्न शोधनिबंधाच्या पद्धतिविषयक विभागात विचारलेला अभावानेच आढळतो.

कोकणच्या किनाऱ्यावर या प्रश्नाचे एक सोपे उत्तर पूर्वापार प्रचलित आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमेस, म्हणजे पंधराव्या तिथीस, ही वेळ सव्वाअकराच्या आसपास येते. अष्टमीस ती सहाच्या सुमारास येते व ओहोटी बाराच्या सुमारास. याचा अर्थ असा की, पौर्णिमेला किंवा अमावास्येला घेतलेल्या प्रतिमेत उधाणाची जवळजवळ पूर्ण भरती असते, आणि अष्टमीच्या प्रतिमेत भांगाची ओहोटी. या दोन प्रतिमांतील पाण्याच्या पातळीत दोन मीटरचा फरक सहज संभवतो.

या फरकाचे गणित मांडून पाहू. पुळणीचा उतार पन्नासास एक असा गृहीत धरला, तर दोन मीटर पातळीफरकाने पाण्याची कड १०० मीटर सरकते. खाडीच्या चिखलपट्टीचा उतार पाचशेस एक धरला, तर तीच कड एक कि.मी. सरकते. पहिली प्रतिमा अष्टमीची आणि तीस वर्षांनंतरची दुसरी पौर्णिमेची असेल, तर वाळूचा एक कणही न हलता वर्षाला तीन मीटरहून अधिक झीज नोंदवली जाईल. प्रतिमांचा क्रम उलटा असल्यास तेवढीच भर नोंदवली जाईल.

याच्या तुलनेत समुद्रपातळीच्या वाढीचा परिणाम किती, हेही पाहणे उद्बोधक ठरेल. मुंबईत १८७८ पासून भरतीमापकाच्या नोंदी उपलब्ध आहेत. हिंदी महासागरातील सर्वांत दीर्घ नोंदींमध्ये त्यांची गणना होते. उन्नीकृष्णन व शंकर यांनी २००७ मध्ये उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरील अशा नोंदींवरून सरासरी वाढ वर्षाला १.२९ मि.मी. इतकी काढली. १९९३ नंतरच्या उपग्रहीय मोजणीनुसार या प्रदेशातील वेग सुमारे ३.२ मि.मी. आढळला. हा अधिक वेग धरला, तरी तीस वर्षांत पातळी १० सें.मी.हून किंचित कमी वाढते, आणि वरील उतारावर पाण्याची कड जेमतेम पाच मीटर सरकते. म्हणजे ज्या बदलाचा शोध घ्यायचा, तो भरतीच्या अनियंत्रित चुकीच्या एक विसांश आहे. प्रतिमेचा एक बिंदूच ३० मीटरचा असताना हा बदल त्यातून वाचणे शक्य नाही.

ऋतूंचाही विचार करावा लागेल. पावसाळ्यातील लाटा पुळणीवरील वाळू ओढून जवळच्या तळावर नेतात आणि पावसाळ्यानंतर शांत लाटा तिचा मोठा भाग पुन्हा किनाऱ्यावर आणतात. ऑक्टोबरमधील आणि मे महिन्यातील पुळण एकच नसते. ढगांमुळे पावसाळ्यातील प्रतिमा मिळत नाहीत, हे मान्य. परंतु उरलेल्या महिन्यांपैकी कोणता निवडला, याचा उल्लेख व समर्थन आवश्यक आहे.

तळाविना किनारा

रेषेच्या पद्धतीची दुसरी मर्यादा अशी की, ती पाण्याच्या कडेशी थांबते. वस्तुतः मराठीतील परिभाषा याबाबत अधिक जाणती आहे. खंडाच्या काठावरील उथळ सागरतळाला आपण ‘समुद्रबूड जमीन’ म्हणतो. ही जमीन होती आणि ती बुडाली, हा इतिहास या शब्दातच आहे.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन ३०० कि.मी.च्या आसपास रुंद आहे. तिचा फार मोठा भाग तेव्हा कोरडा होता. गोव्यातील दोना पावला येथे मुख्यालय असलेल्या, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील आर. आर. नायर, एन. एच. हाशिमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे या विषयातील कार्य मूलभूत आहे. मुंबईसमोर दूरवर ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ म्हणून ओळखले जाणारे, म्हणजे पन्नास वाव खोलीचे, चुनामय पठार आहे. तेथील वाळूत उथळ, ढवळल्या जाणाऱ्या पाण्यातच तयार होणारे चुन्याचे गोल कण सापडले आणि किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने त्यांचे वय सुमारे दहा हजार वर्षे ठरले. आज खोल पाण्याखाली असलेली ती वाळू एका जुन्या किनाऱ्याची आहे. मुंबई बंदरात एकोणिसाव्या शतकात प्रिन्सेस डॉकच्या खोदकामात चिखलाखाली उभ्या अवस्थेत सापडलेले खैराचे बुंधे याच व्यापक कथेचा स्थानिक पुरावा म्हणून वाचता येतात.

या संशोधनाचा उपनगरांच्या पुळणींशी थेट संबंध आहे. पश्चिम किनाऱ्यासमोरील तळाची वाटणी स्पष्ट आहे: किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात नद्यांनी व खाड्यांनी आणलेला आधुनिक चिखल, तर बाहेरच्या पट्ट्यात जुनी, अवशिष्ट वाळू. या दोहोंमध्ये चिखलाचा रुंद पट्टा असल्याने बाहेरची वाळू आजच्या लाटांनी जुहूला किंवा वर्सोव्याला येऊन पोहोचेल, अशी अपेक्षा करता येत नाही. पुळणीची वाळू हा मर्यादित साठा ठरतो. शिंपल्यांचा चुरा आणि जवळच्या खडकांची झीज हेच त्यात भर घालणारे मुख्य स्रोत. अशा साठ्यातील घट ही कायमची घट होण्याचा संभव अधिक. हा निष्कर्ष कोणत्याही उपग्रहप्रतिमेत दिसत नाही, कारण तो तळाच्या अभ्यासातून येतो.

येथे एक विसंगती नोंदवावीशी वाटते. किनाऱ्यापासून सुमारे १६० कि.मी. अंतरावरील मुंबई हाय येथे १९७४ मध्ये तेल सापडले आणि त्या तळाखालील चुनखडकांचे थर अभ्यासकांच्या परिचयाचे झाले. अंधेरीतील गिल्बर्ट हिलचे बेसाल्टचे स्तंभही अभ्यासक्रमात आहेत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे प्रादेशिक केंद्र अंधेरी पश्चिमेलाच आहे. असे असूनही, ओहोटीच्या कडेपासून पुढच्या पहिल्या कि.मी.मधील तळ आपल्या महाविद्यालयीन लेखनात जवळजवळ अनुपस्थित आहे. त्या तळावर खुंट रोवून डोल जाळे लावणाऱ्या कोळी समाजाला चिखल कोठे संपतो आणि खडप कोठे लागते हे ठाऊक असते. आपल्या शोधनिबंधांत त्यांचा उल्लेख बहुधा केवळ ‘बाधित घटक’ म्हणून येतो.

खाडीकडील किनारा

पूर्वेकडे हीच पद्धत आणखी अपुरी पडते. ठाणे खाडीच्या कडेला कांदळवनाची सीमा हीच किनाऱ्याची रेषा मानण्याकडे कल असतो. कांदळवन चिखलपट्टीवर पुढे सरकले, की तक्त्यात ‘भर’ अशी नोंद होते व ती अनुकूल बदल म्हणून वाचली जाते. परंतु कांदळवनाचे पुढे सरकणे हे खाडी उथळ व अरुंद होत असल्याचेही लक्षण असू शकते. खाडीत मावणारे पाणी कमी झाले, तर भरतीच्या वेळी कोसळणारा पाऊस सामावण्याची तिची क्षमताही घटते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस पडला, तेव्हा हा प्रश्न किती गंभीर आहे हे मिठी नदीच्या काठाने अनुभवले. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्या पक्ष्यांचे अन्न ज्या उघड्या चिखलपट्टीत असते, ती कांदळवनाने व्यापल्यास त्या बदलाला केवळ ‘भर’ म्हणता येईल काय? येथे क्षेत्रफळापेक्षा खोलीचे मापन महत्त्वाचे आहे.

रेषेचे व्यावहारिक परिणाम

ही चर्चा केवळ पद्धतिशास्त्रापुरती मर्यादित राहत नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१, २०११ आणि २०१९ च्या तिन्ही अधिसूचना भरतीरेषेवर उभ्या आहेत. खाड्यांच्या काठाने २०११ मध्ये १०० मीटरचा असलेला पट्टा २०१९ मध्ये ५० मीटरवर आला. जेथे नियमाचा पट्टाच ५० मीटरचा आहे, तेथे १०० मीटरची संभाव्य चूक असलेला अभ्यास पुरावा म्हणून पुढे करणे धोक्याचे आहे. कायद्यातील भरतीरेषा प्रत्यक्ष सर्वेक्षणाने अधिकृत संस्था निश्चित करतात, हे खरे. परंतु जनसुनावणीत, वृत्तपत्रांत आणि याचिकांत आपले शोधनिबंध उद्धृत होतात.

झीज सिद्ध झाली की उपाय म्हणून भिंत सुचवली जाते. अक्सा किनाऱ्यावरील भिंतीचा वाद २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेला. भिंतीमागची जमीन टिकते, परंतु भिंतीवर आपटून परतणाऱ्या लाटा तिच्या पायथ्याची वाळू खरवडू शकतात. साठा मर्यादित असलेल्या पुळणीवर हा धोका वाढतो. उलटपक्षी, खरोखर झिजणाऱ्या जागी भरतीच्या योगायोगाने ‘स्थिर’ असा शेरा पडला, तर कोळीवाड्यातील घरांना व मासळी सुकवण्याच्या जागांना आवश्यक ते संरक्षण नाकारले जाऊ शकते. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते, आणि तिची किंमत संशोधकाला नव्हे, किनाऱ्यावरील रहिवाशांना मोजावी लागते.

निष्कर्ष

उपग्रहप्रतिमांचा त्याग करावा, असा या विवेचनाचा आशय नाही. त्यांच्याइतकी विस्तृत व सातत्यपूर्ण नोंद अन्य कोणत्याही साधनाने मिळणार नाही. अपेक्षा इतकीच की, प्रत्येक प्रतिमेसोबत तिची तारीख, वेळ व त्या वेळची भरतीची पातळी नोंदवली जावी. शक्यतो समान पातळीच्या व एकाच ऋतूतील प्रतिमा निवडाव्यात. आणि त्रुटीची मर्यादा बदलापेक्षा मोठी असेल, तेथे ‘बदल सिद्ध होत नाही’ असे स्पष्ट लिहावे. असा निष्कर्षही संशोधनाचाच निष्कर्ष आहे, आणि परीक्षकांनी तो तसा स्वीकारला पाहिजे.

याखेरीज उपनगरांतील महाविद्यालयांच्या आवाक्यात असलेले एक काम आहे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, ठरलेल्या खुणेपासून ओहोटीच्या कडेपर्यंत पुळणीचा छेद मोजणे, वाळूचे नमुने चाळणे आणि एखाद्या होडीतून दोरीला वजन बांधून तळाची खोली व द्रव्य पाहणे यासाठी मोठे अनुदान लागत नाही. लागते ते वर्षानुवर्षांचे सातत्य. आणि एका प्रकल्पाच्या मुदतीत न बसणारे असे सातत्य महाविद्यालयासारखी स्थिर संस्थाच देऊ शकते. दहा वर्षांच्या अशा वीस छेदांनी जुहूच्या किंवा गोराईच्या पुळणीविषयी जे सांगता येईल, ते तीस वर्षांच्या अंतराच्या दोन प्रतिमांनी सांगता येणार नाही.