कोलीनरोधी औषधे आणि अन्ननलिका : एका रूढ अनुमानाची चिकित्सा

कोलीनरोधी औषधे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेल्या परिसंकोची स्नायूचा दाब उतरवितात. सबब ती जठरातील आम्ल वर येण्यास कारणीभूत होतात, असे विधान पाठ्यग्रंथांतून वारंवार आढळते. या विधानाचा पूर्वार्ध निरीक्षणावर आधारलेला आहे. उत्तरार्ध मात्र अनुमान आहे. ते कितपत टिकते हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

प्रथम गतीचा विचार करू. १९१४ साली हेन्री डेल यांनी ॲसिटिलकोलीनच्या क्रियांचे मस्कारिनिक व निकोटिनिक असे दोन वर्ग दाखविले. आपल्याकडील धोतऱ्यातही आढळणारे ॲट्रोपीन नेहमीच्या मात्रेत त्यांपैकी पहिला वर्ग रोधते. मानवी अन्ननलिकेच्या वरच्या भागातील स्नायू रेखित असून त्यांचे नियमन निकोटिनिक आहे. तेथील आकुंचन जवळजवळ अबाधित राहते. खालच्या अरेखित भागात मात्र क्रमसंकोचाचा जोर घटतो. तेव्हा 'अन्ननलिका शिथिल होते' हे सरसकट विधानही अपुरेच ठरते.

आता प्रतिप्रवाहाकडे वळू. १९८० साली जॉन डेंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, निरोगी माणसात आम्ल वर येते ते मुख्यतः परिसंकोची स्नायूच्या क्षणिक शिथिलीकरणामुळे. केवळ त्याचा मूळ दाब कमी असल्यामुळे नव्हे. पुढे १९९५ साली मित्तल, हॉलोवे व डेंट यांनी निरोगी व्यक्तींना शिरेवाटे ॲट्रोपीन दिले. दाब उतरला, परंतु क्षणिक शिथिलीकरणे व प्रतिप्रवाहाचे प्रसंग ही दोन्हीही घटली. रूढ अनुमानाच्या नेमके उलट असे हे फलित आहे.

तथापि यावरून ही औषधे निर्धोक ठरविणे हीही घाईच होईल. वर आलेले आम्ल क्रमसंकोचाने खाली लोटले जाते व उरलेले लाळेने निष्प्रभ होते. कोलीनरोधी औषधे या दोन्ही क्रिया मंदावतात. प्रसंगांची संख्या व आम्लसंपर्काचा काळ ही दोन भिन्न परिमाणे आहेत. एक घटले म्हणून दुसरे घटेलच असे नाही. शिवाय काही तास शिरेवाटे दिलेले औषध आणि वर्षानुवर्षे तोंडावाटे घेतलेले औषध यांची तुलना जपूनच केली पाहिजे.

संवेदनेच्या बाबतीत घोटाळा अधिक आहे. अन्ननलिकेत फुगा फुगवून अस्वस्थतेची सीमा मोजतात. औषधाने भित्ती सैल झाली, तर तेवढ्याच आकारमानास दाब कमी भरतो. रुग्णाने मोठा फुगा सहन केला, यावरून मज्जातंतू बोथट झाले असे सिद्ध होत नाही. दाब, आकारमान व भित्तीवरील ताण यांची स्वतंत्र नोंद नसेल, तर असा निष्कर्ष स्वीकारू नये. ॲमिट्रिप्टिलीनने छातीतील वेदना शमली, तरी तिचे श्रेय कोलीनरोधास देता येत नाही. ते औषध सेरोटोनिन व नॉरॲड्रेनॅलीन यांचे पुनर्ग्रहणही रोधते.

हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. मूत्राशयाच्या विकारासाठी ऑक्सिब्युटिनीन घेणाऱ्या वृद्धाला छातीत जळजळ होऊ लागली, तर औषध बंद करावे की नाही, हे याच विवेचनावर अवलंबून असते. दाबाच्या एका आकड्यावरून त्याचे उत्तर देता येणार नाही. प्रसंगांची संख्या, आम्लसंपर्काचा काळ आणि संवेदना यांची पृथक् मोजणी करणाऱ्या प्रबंधांचीच या क्षेत्रास आज खरी गरज आहे.